अकरा वेळा ‘बरं आहे’

पहाटे पावणेपाचला प्रेमिलाला जाग येई. गजर लावावा लागत नसे. ओटीपोटात दाटून आलेला जडपणाच तिला उठवी. उठल्यावर ती पाणी पीत नसे. गोधडीची घडी घालून ती उशाजवळचा पत्र्याचा डबा उघडी आणि त्यातून राखी रंगाची पेटी काढी. पेटी साबणाच्या वडीहून थोडी मोठी होती. तिला हातभर वायर होती आणि वायरीच्या टोकाला बांगडीएवढं चपटं कडं.

तोवर तिचा नवरा गोविंदा ट्रान्झिस्टर मांडीवर घेऊन बसलेला असे. महाल भागातल्या एका बोळाच्या तोंडाशी त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ही परीक्षा त्यानंच शोधून काढली होती. कुठलंही स्टेशन लागणार नाही अशा जागी तो काटा आणून ठेवी. प्रेमिला पेटीचं बटण दाबी आणि ट्रान्झिस्टरमधून ‘टर्र, टर्र’ असा आवाज येई.

“चालू हाय,” गोविंदा म्हणे. “पेटीत दोष नाई.”

मग ती पेटी घेऊन मागच्या अंगणातल्या संडासात जाई. डाव्या कमरेच्या हाडावर, कातडीखाली, रुपयाच्या नाण्याहून मोठी एक चकती बसवलेली होती. त्या जागेवर कडं चिकटपट्टीनं लावायचं, बटण दाबायचं आणि मनात वीस आकडे मोजायचे. पेटीचा संदेश कातडीतून चकतीला पोचे, चकतीतून निघालेली बारीक तार वीज माकडहाडाजवळच्या मज्जातंतूपर्यंत नेई, आणि आपणहून न आवळणारं मूत्राशय आवळलं जाई. निदान तसं व्हावं अशी योजना होती. श्रावणापासून मात्र आठाचा आकडा येतो न येतो तोच तिचा डावा पाय गुडघ्यातून उसळे आणि समोरच्या भिंतीवर आदळे. तिथला गिलावा निघून विटेचा कोपरा उघडा पडला होता. म्हणून डाव्या हातानं मांडी दाबून धरायची, उजव्या हातानं बटण धरायचं, दात आवळायचे आणि जेवढं होईल तेवढं होऊ द्यायचं. पूर्वी वीस आकड्यांत रिकामं होणारं मूत्राशय आता तीन खेपांनंतरही अर्धंच रिकामं होई.

त्यानंतरचं काम अधिक जिवावर येई. कंदिलाच्या उजेडात ती कमरेवरची पट्टी सोडून बघे. चकतीवरची कातडी आधी लाल झाली, मग जांभळी, मग पापुद्र्यासारखी पातळ. परकराची नाडी नेमकी तिथूनच जात होती. नाडी वर बांधली तर साडी सुटे, खाली बांधली तर चालताना पायात येई. कापसाची घडी घालून, तिच्यावर नाडी बांधून ती साडी नेसे, सव्वासहाला घराबाहेर पडे आणि इंदोऱ्याहून पाचपावलीतल्या नगरपालिकेच्या शाळेत पायी जाई. शाळा सव्वासातची. बारा वाजेपर्यंत ती सातवीच्या वर्गासमोर उभी असे. शाळेतल्या संडासाला दार होतं, कडी नव्हती. तेवढ्या वेळात ती घोटभरही पाणी पीत नसे.

डिसेंबरातल्या ज्या मंगळवारची ही गोष्ट आहे, त्या सकाळी पट्टी सोडताना कापूस कातडीला चिकटला आणि ओढल्यावर त्यावर पिवळा डाग दिसला. प्रेमिलानं तो कापूस फेकला नाही. कागदात गुंडाळून पिशवीत ठेवला. त्या दिवशी चार वाजता डॉक्टर हरकऱ्यांकडे तपासणी होती.

दोन वर्षांपूर्वी शाळेतली उत्तरपत्रिकांची ट्रंक उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि तिसऱ्या दिवशी पाय गेले. मणक्याचं ऑपरेशन झालं. दोन महिन्यांनी पाय परत आले, मूत्राशय आलं नाही. रबरी नळी घालून दिवसातून चार वेळा ते रिकामं करावं लागे. एक नळी ती शाळेतही नेई आणि मधल्या सुट्टीत कडी नसलेलं दार पाठीनं दाबून धरी. अशा वेळी डॉ. मार्तंड हरकरे परदेशातून शिकून आले. धंतोलीतल्या त्यांच्या रुग्णालयात हे यंत्र त्यांनी तीन रोग्यांना बसवलं, त्यांतली एक प्रेमिला. यंत्र फुकट मिळालं. दर महिन्याला तपासणीला यायचं, एवढीच अट.

आणि खोटं कशाला बोलावं, पहिले सहा महिने सुखाचे गेले. एप्रिलमध्ये ती नरखेडला चुलतबहिणीच्या लग्नाला एसटीनं गेली. तीन तास खिडकीशी बसून होती, नळीची पिशवी न घेता. मांडवात तिनं उसाचा रस मागून दोन पेले प्यायला. बहिणींना त्याचं काय अप्रूप वाटावं? तिला मात्र तो रस अजून आठवत होता.

रुग्णालयात तपासणीची एक ठरलेली रीत होती. उत्तरा नावाची एक तरुण डॉक्टर रोग्याला टेबलावर उताणं झोपवी, कडं लावी, बटण दाबी आणि शेजारच्या मापयंत्राच्या काट्याकडे पाहून आकडा लिही. उताणं झोपलं की प्रेमिलाचा पाय जेमतेम थरथरे. मग हरकरे येत, मागे तीन-चार शिकाऊ डॉक्टर घेऊन.

“काय प्रेमिलाबाई, कसं काय?”

“बरं आहे, सर. पण…”

‘पण’ हा शब्द तोंडातून निघेपर्यंत ते शिकाऊ डॉक्टरांकडे वळलेले असत. आजही तसंच झालं. मात्र आज तिनं उठून बसत पिशवीतला कागद उघडला.

“सर, आज हे निघालं. आणि पाय उडतो. ऑगस्टपासून सांगते आहे.”

हरकऱ्यांनी कापसाकडे पाहिलं, मग कमरेकडे. बोटानं चकतीच्या कडेला दाबलं तशी ती कण्हली.

“साडी फार घट्ट बांधता तुम्ही. सैल बांधा.”

“सैल बांधली तर सुटते, सर.”

शिकाऊ डॉक्टरांपैकी कोणीतरी हसलं. हरकरेही हसले. वाईट हसले असं नाही. लहान मुलाच्या बोलण्यावर हसावं तसं हसले.

“कॅप्सूल देतो, सात दिवस घ्या. आणि एकोणीस जानेवारी लक्षात आहे ना? सर्जनांची परिषद आहे. देशभरातून लोक येताहेत. तुम्हाला स्टेजवर फक्त दोन मिनिटं यायचं आहे. बटण दाबायचं, चालून दाखवायचं. फिकट रंगाची साडी नेसा, फोटोत बरी दिसते.”

“आणि हे?”

“परिषद झाली की बघू.”

ते गेले. त्यांच्यामागे बुटांचा आवाज गेला. उत्तरा कॅप्सूल आणायला आतल्या खोलीत गेली आणि टेबलाच्या कडेला फाइल उघडी राहिली.

वीस वर्षं हजेरीपट नि प्रगतिपुस्तकं हाताळलेल्या बाईला उलटा कागद वाचणं अवघड नसतं. प्रत्येक पानावर तारीख, काट्याचा आकडा, आणि खाली इंग्रजीत एकच वाक्य. फेब्रुवारी : पेशंट समाधानी, तक्रार नाही. मार्च : पेशंट समाधानी, तक्रार नाही. ती पानं उलटत गेली. ऑगस्टमध्ये तिनं पाय भिंतीवर आदळतो म्हणून सांगितलं होतं. ऑगस्ट : पेशंट समाधानी, तक्रार नाही. ऑक्टोबरात कातडी लाल झाल्याचं दाखवलं होतं. ऑक्टोबर : पेशंट समाधानी. शेवटचं पान आजचं होतं. शाई पुरती वाळली नव्हती. ज्या बाईनं आत्ताच पू लागलेला कापूस पुढं केला होता, तीही समाधानी होती. तिनं मोजलं. अकरा.

उत्तरा परत आली आणि प्रेमिलाच्या हातातली फाइल पाहून दारातच थांबली.

“हे तुमचं अक्षर आहे?” प्रेमिलानं विचारलं.

“हो.”

“मी पायाचं सांगितलं होतं. ते कुठं आहे?”

“बाई, मला फॉर्मवर जेवढे रकाने आहेत तेवढेच भरायला सांगितलंय. ‘कसं काय’ असं विचारायचं आणि पेशंट म्हणेल ते लिहायचं. तुम्ही दर वेळी ‘बरं आहे’ म्हणता.”

प्रेमिलाच्या कानशिलात रक्त चढलं. दारात आलेल्या माणसानं ‘कसं काय’ म्हटलं की ‘बरं आहे’ म्हणायचं, ही घरची शिकवण. मयताच्या घरीसुद्धा माणसं आधी ‘बरं आहे’ म्हणतात आणि मग रडतात. त्या दोन शब्दांचं या लोकांनी प्रमाणपत्र केलं होतं.

“आणि झोपवूनच का तपासता? मी वर्गात झोपून शिकवत नाही.”

उत्तरानं कॅप्सूल टेबलावर ठेवल्या. मग दाराकडे एकदा बघून ती हळू आवाजात म्हणाली, “मी सरांना सांगितलं होतं, उभं करून आकडा घेऊ या म्हणून. तशी पद्धत नाही म्हणाले. बाई, एक ऐका. पू चकतीपाशी आहे तोवर ठीक. तो तारेच्या कडेकडेनं आत गेला तर थेट मणक्यापाशी जाईल. पाय जाऊ शकतात. एकोणीस तारखेपर्यंत थांबू नका.”

“काढेल कोण?”

“घालायला शिकावं लागतं. काढायला कुठलाही चांगला सर्जन चालेल. मेडिकलच्या सरकारी इस्पितळात ढोबळे सर आहेत. माझं नाव सांगू नका.”

प्रेमिला घरी चालत आली. रिक्षा करावी असं तिच्या मनात आलं नाही. दोन महिने ज्या पायांना तिनं पलंगावर परक्या वस्तूसारखं पडलेलं पाहिलं होतं, तेच पाय आता रागानं भराभर पडत होते, आणि त्या रागाचा अर्धा वाटा तिच्या स्वतःच्या नावावर होता. छप्पन साली ती दहा वर्षांची होती. दीक्षा घेऊन घरी आल्यावर तिच्या बापानं, धोंडबा विणकरानं, मागावर बसण्याआधी तिला समोर उभं केलं होतं. ‘आजपासून कोणापुढंही जी महाराज म्हणायचं नाई. जे हाय ते तोंडावर सांगायचं.’ त्या बापाची लेक पांढऱ्या कोटापुढं अकरा वेळा ‘बरं आहे, सर’ म्हणाली होती. महाराज गेला, सर आला; जिभेचं वळण तेच राहिलं.

घरात सासू अंजनाबाई चुलीशी ज्वारीच्या भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिनं हातातला गोळा परातीत आपटला.

“मले एक सांग वं, त्या डाक्टरच्या घरी बाया का पँट घालतेत? चकती बसवायच्या आधी लुगडं कोठी बांधते हे पाहाले डोळे नव्हते त्याले?”

“परदेशात शिकले ते, आत्याबाई. तिथल्या बायकांना बसवलेलं पाहिलं असंल.”

“तं मंग तिथंच रायचं होतं! मी नेसतो नऊवारी, मले नाडीच नाई. मलेच बसवाचं होतं ते.”

एरवी प्रेमिला हसली असती. गोविंदा हसला नाही. त्यानं पेटी उचलली, ट्रान्झिस्टर लावला, बटण दाबलं. टर्र, टर्र. त्यानं पेटी खाली ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा बटण दाबलं.

“तो डाक्टर मांगच्या खेपेले म्हणे, सेल कमजोर असंल. हे ऐक. पेटी ठणठणीत हाय. बिघाड आतल्या तारेत हाय. वायर रोज एकाच जागी वाकली का तिचं वरचं कवर चिरते, अन् करंट भलतीकडं पळते. माह्या दुकानात पोट्टंही सांगंल हे. तू वाकतं, बसतं, उठतं. ते तार का लोखंडाची हाय?”

“मला नका सांगू, त्यांना सांगायला पाहिजे.”

“मी येतो ना संगं.”

“नको,” प्रेमिला म्हणाली. “तुम्ही आलात तर ते तुमच्याशी बोलतील. मला त्यांनी माझ्याशी बोलायला पाहिजे.”

सात दिवस तिनं कॅप्सूल घेतल्या आणि सात दिवस वहीत लिहून ठेवलं : किती वाजता बटण दाबलं, उभं की बसून, पाय किती वेळा उडाला, कापसावर डाग केवढा. वर्गातल्या पोरांना ती जशी सवय लावी, तसंच, समास सोडून. पहिला डाग पाच पैशांच्या नाण्याएवढा होता, सातवा रुपयाएवढा. आठव्या दिवशी, वेळ ठरलेली नसताना, ती धंतोलीला गेली आणि दीड तास बाकावर बसून राहिली.

हरकऱ्यांनी वही हातात घेतली, दोन पानं उलटली आणि परत दिली.

“तुम्ही फार विचार करता, प्रेमिलाबाई. असं रोज टिपत बसलं की लहान गोष्टी मोठ्या वाटू लागतात. मानसिक असतं ते.”

“डाग मानसिक नाही, सर. मला हे काढून हवं आहे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“काढून? तुम्हाला कल्पना आहे, अशा यंत्रासाठी मोठमोठ्या घरची माणसं माझ्याकडे चिठ्ठ्या पाठवतात? मी ते तुम्हाला बसवलं. एका शाळामास्तरणीला. एक पैसा न घेता. का? तर तुम्ही नियमानं याल, सांगितलेलं कराल असं वाटलं म्हणून. आणि परिषद दोन आठवड्यांवर आली असताना तुम्ही म्हणता, काढा!”

“मला एकदा उभं करून तपासा. दोन मिनिटं. तुमच्या डोळ्यांनी पाय बघा.”

“तशी पद्धत नाही. उभं केलं की आकडे बदलतात.”

“तेच सांगते आहे मी!”

तिचा आवाज चढला. वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचणारा तो आवाज होता, आणि दाराबाहेर बसलेली माणसं बोलायची थांबली. हरकऱ्यांचा चेहरा लाल झाला.

“हळू बोला. हे रुग्णालय आहे. तुमच्या लोकांचं हेच असतं. हातात काही दिलं की…” ते मध्येच थांबले. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही आणि मागंही घेतलं नाही. मग शांत आवाज काढून म्हणाले, “एकोणीस तारखेला स्टेजवर या. वीस तारखेला मी स्वतः जखम साफ करीन. नाहीतर पेटी इथं ठेवा आणि लिहून द्या की पेशंटनं सहकार्य केलं नाही. पुढं काही झालं तर माझ्याकडे यायचं नाही.”

प्रेमिला त्यांच्याकडे बघत राहिली. त्या अर्ध्या वाक्याचा उरलेला भाग तिला ठाऊक होता. लहानपणापासून तो तिनं अनेक तोंडांतून पुरा ऐकला होता. बोलायला तिच्याजवळ इतकं होतं की एकही शब्द पुढं येईना. तिनं वही पिशवीत घातली.

“म्हणजे ठरलं,” हरकरे म्हणाले. तिच्या गप्प बसण्याचाही त्यांनी होकारच केला होता.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती गोविंदाबरोबर मेडिकलला गेली. डॉ. शालिकराम ढोबळे निवृत्तीला आलेले, बुटके, जाड काचांचा चष्मा लावणारे गृहस्थ होते. बाहेर रांग मोठी होती. तिची पाळी आली तेव्हा त्यांनी मान वर न करताच विचारलं, “का होते?”

‘बरं आहे’ म्हणायला त्या प्रश्नात जागाच नव्हती. प्रेमिलानं वही त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी सातही दिवस वाचले. मध्येच एकदा म्हणाले, “अक्षर चांगलं हाय.” मग उठले.

“उभ्या रहा बाई. साडी कोठी बांधता ते दाखवा. हं. आता लावा ते कडं.”

तिनं बटण दाबलं. पाय असा उडाला की ढोबळ्यांच्या टेबलाखालची कचऱ्याची टोपली दारापर्यंत घरंगळत गेली. शिपाई धावत आला. ढोबळे वाकून टोपली स्वतःच उचलून घेऊन आले.

“हे माणूस हाय का फुटबॉलचा प्लेअर?” ते पुटपुटले, पण कमरेवरची पट्टी सोडून पाहिल्यावर त्यांच्या आवाजातली थट्टा गेली. “कोणी सांगतलं थांबाले? हे एक आठवडाही थांबाचं काम नाई. मी अशी वस्तू आजवर काढली नाई, पण तार म्हणजे तारच. काढून देतो. पण एक गोष्ट पक्की समजून घ्या. हे गेलं का पुन्हा रबरी नळी. दिवसातून चार वेळा. बहुतेक जन्मभर. मंजूर हाय का?”

प्रेमिलाला नरखेडचा मांडव आठवला, उसाच्या रसाचे दोन पेले, एसटीची खिडकी. कडी नसलेलं दारही आठवलं. अंगातून काढायची होती ती नुसती चकती नव्हती. ते सहा महिनेही होते, आणि ते पुन्हा येतील ही आशाही होती. हरकऱ्यांवरच्या रागात तिनं हा भाग स्वतःपासून लपवला होता. 

“मला पाय पाहिजेत,” ती म्हणाली. “मंजूर आहे.”

शाळेत तिनं मुख्याध्यापक देवराव मास्तरांना रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी ‘प्रकृती अस्वास्थ्य’ असं लिहायची रीत होती. तिनं लिहिलं : ‘शरीरात बसवलेले सदोष यंत्र काढण्यासाठी शस्त्रक्रिया.’ मास्तरांनी अर्ज दोनदा वाचला आणि सही केली. संध्याकाळी शाळेच्या सुताराला बोलावून त्यांनी संडासाच्या दाराला आतून कडी लावून घेतली. हे तिला फार नंतर कळलं.

सात जानेवारीला सकाळी वॉर्डातल्या सिस्टरनं संमतीचा कागद गोविंदापुढं सरकवला. “इथं नवऱ्याची सही.”

गोविंदानं तो तसाच प्रेमिलाकडे सरकवला.

“अंग तिचं हाय, सिस्टर. सही ती करंल. पायजे तं खाली साक्षीदार म्हून मी करतो.”

तार कमरेच्या वाकाशी चिरलेली निघाली, गोविंदा म्हणाला होता तशी. पू तिच्या कडेनं चार बोटं आत सरकला होता. मणका अजून दूर होता. चकती आणि तारेचे दोन तुकडे ढोबळ्यांनी औषधाच्या बाटलीत घालून तिच्या हाती दिले. ‘तुमचा माल तुम्ही ठेवा,’ एवढंच म्हणाले.

संध्याकाळी पाळी बदलली आणि नवी सिस्टर पलंगापाशी आली.

“कसं आहे बाई?”

जिभेवर ते दोन शब्द आलेच. प्रेमिलानं ते तिथंच थांबवले, आणि क्षणभर विचार करून म्हणाली, “डाव्या टाक्यांच्या खालच्या टोकाला दुखतं, कूस बदलली की जास्त. दुपारपासून दोनदा कळ आली. दोन्ही पायांची बोटं हलतात. नळीतून लघवी लालसर आली, ती आता कमी लाल आहे.”

सिस्टरनं थोडं दचकून तिच्याकडे पाहिलं आणि सगळं लिहून घेतलं.

सतरा तारखेला ती घरी आली. अठराच्या सकाळी तिनं वहीतलं एक पान काढलं आणि डॉ. हरकऱ्यांच्या नावानं पत्र लिहिलं. खाडाखोड होऊ दिली नाही. पेटी, चकती आणि तार परत करत आहे. माझ्या कागदांत अकरा वेळा ‘समाधानी, तक्रार नाही’ असं लिहिलेलं आहे. पायाची तक्रार मी ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर आणि डिसेंबरात केली, कातडीची ऑक्टोबर आणि डिसेंबरात. त्या तारखांची नोंद दुरुस्त करावी, आणि माझं नाव यशस्वी रोग्यांत धरू नये. यंत्रानं पहिले सहा महिने काम चांगलं केलं, हेही लिहावं. उद्या मी येणार नाही.

शेवटची दोन वाक्यं वाचून गोविंदा म्हणाला, “चांगलं केलं ते काहून लिहिलं? त्याले तेवढंच पायजे.”

“खरं आहे म्हणून,” प्रेमिला म्हणाली. “पोच घेऊन या. शिक्का मारून.”

तो दुपारी परत आला. सायकल भिंतीला टेकवून त्यानं खिशातून घडी केलेला कागद काढला. पत्राची नक्कल होती, खाली रुग्णालयाचा गोल शिक्का, तारीख आणि एक सही.

“मोठा डाक्टर नव्हता. हॉलमध्ये गेला म्हणे, उद्याची तयारी पाहाले. ती लहान डाक्टरीण होती, उत्तरा. तिनं पत्र उभ्या उभ्या वाचलं. पुन्हा वाचलं. शिक्का मारला. अन् मग माह्यासमोर फाइल काढली अन् ते पान त्यात टाचलं, सगळ्यात वर.”

“काही बोलली?”

“नाई. बाई कशा हायेत म्हणे. म्या म्हटलं, तुमीच घरी येऊन पाहा.”

प्रेमिलानं पोचपावती मेडिकलच्या कागदांबरोबर पत्र्याच्या डब्यात ठेवली, पेटीच्या रिकाम्या जागी. मग घड्याळाकडे पाहिलं. नळीच्या तिसऱ्या खेपेची वेळ झाली होती. तिनं चुलीवर पातेलं चढवलं, पाण्याला आधण येऊ दिलं आणि रबरी नळी त्यात सोडली.